एकशे ऐंशी मेगावॅट आणि एक नात

पूर्व विभागाच्या वीज नियंत्रण कक्षात सकाळी अकरा चाळीसला दोन गोष्टी एकदम घडल्या. कुठल्याशा बांधकामावरच्या क्रेनने आपला लांबलचक हात नको तिथे नेला आणि दोन नंबरची मोठी वाहिनी बंद पडली. आणि पाळीवरच्या मुख्य साहेबांच्या मोबाइलवर बायकोचा निरोप आला, ‘दाताच्या डॉक्टरांकडे खुर्चीत बसतेय. दाढ कोरायचीय. फोन करू नका.’ पहिल्या गोष्टीने साहेब डगमगले नाहीत. वाहिन्या काय, पडतात आणि उठतात. दुसरी वाचली आणि पहिलीची त्यांना धडकी भरली.

या साहेबांना कचेरीत सगळे ‘पुनश्च’ म्हणत. अर्थात पाठीमागे. वीज इकडची तिकडे वळवण्याच्या कामात एक कडक नियम असतो. फोनवर जो निरोप येईल तो ऐकणाऱ्याने शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवायचा, सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हणायचं, आणि मगच बटणाला हात लावायचा. एकाने एक वाहिनी सांगावी आणि दुसऱ्याने भलतीच चालू करावी असं झालं, तर तारेवर चढलेल्या माणसाचा कोळसा होतो. तेव्हा नियम शहाणपणाचाच आहे. पण पुनश्चसाहेबांनी तो एकतीस वर्षांत अंगात इतका मुरवला होता, की घरी बायको “येताना दूध आणा” म्हणाली तरी ते “येताना दूध आणायचं” असं म्हणून दारात उभे राहत. बायको “बरोबर, निघा आता” म्हणाली की मग पायात चपला.

“साहेब, सगळा भार तिसऱ्या वाहिनीवर आलाय,” नवी इंजिनीअरबाई म्हणाली. तिला नोकरीला लागून तीन महिने झाले होते आणि तिचा नियमांवर अजून विश्वास होता. “पहिली दुरुस्तीला, दुसरी क्रेनने झोपवली. तार बहात्तर अंशांवर आहे.”

“बहात्तर अंश,” साहेब म्हणाले.

“बरोबर. तापली तर काय होतं, साहेब?”

“तापली की लोंबते. लोंबली की खालच्या झाडाला टेकते. टेकली की सगळाच कारभार आटोपला. म्हणून पंचाऐंशीच्या पुढे गेली, की आपण आपल्या हाताने एक गाव बंद करायचं.”

“कुठलं गाव?”

यादी भिंतीवरच टांगलेली होती. यादीत पहिला नंबर गिरण्यांच्या गावाचा. त्या गावात साहेबांचं घर होतं, घरापासून चार पावलांवर दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना होता, आणि या क्षणी तिथे साहेबांच्या बायकोच्या दाढेत ते गरगर फिरणारं यंत्र घुसलेलं होतं. ते दाढेत असताना वीज गेली, आणि ती नवऱ्यानेच घालवली हे तिला कळलं, तर पुढचं आयुष्य कसं जाईल याचा साहेबांना अंदाज होता. अंदाज बांधणं हे त्यांचं कामच होतं.

“पण मग पश्चिमेकडून मागू या की!” इंजिनीअरबाई म्हणाली. “नदीवरच्या जोडवाहिनीत भरपूर जागा आहे. एकशे ऐंशी मेगावॅट मिळाले तरी तिसरीचा भार उतरेल.”

“पश्चिमेला आज पाळीवर कोण आहे?”

तिने तक्ता बघितला. “मुख्य साहेब स्वतः आहेत.”

“अरे देवा,” साहेब म्हणाले.

“ओळखता तुम्ही त्यांना?”

“ओळखतो कसला! व्याही आहेत माझे.”

आता इथे थोडं मागे जाणं भाग आहे. साहेबांची मुलगी पश्चिमेच्या साहेबांच्या मुलाला दिलेली. दोन्ही बाप एकाच धंद्यातले, दोघांचीही पाळी, दोघांचाही रक्तदाब, तेव्हा जमायला हरकत नव्हती. जमलंही होतं. पण चार महिन्यांपूर्वी व्याह्यांनी नव्या घरात जेवायला बोलावलं, आणि बारा पाहुणे पानावर बसलेले असताना पुनश्चसाहेबांची नजर भिंतीवरच्या बोर्डाकडे गेली. तिथे गिझर, इस्त्री आणि मिक्सर अशी तिन्ही पोरं एकाच आईच्या कडेवर बसली होती. “व्याहीबुवा,” साहेब मोठ्याने म्हणाले, “तुमचं भाराचं नियोजन जरा ढिसाळ दिसतंय.” सगळे हसले. तीन मिनिटांनी फ्यूज गेला, तेव्हा तर फारच हसले. त्या दिवसापासून दोन्ही व्याह्यांचं बोलणं बंद.

तेही निभावलं असतं. पण दोघांच्यात एकच नात होती. वय वर्षं सात, नाव काहीही असो, दोन्हीकडे तिला फटाकडीच म्हणत. तिची महिन्याची सुट्टी उद्यापासून सुरू होणार होती. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीत, तेव्हा पोरीला आजोळी नाहीतर दुसऱ्या आजोबांकडे पाठवायचं होतं. “कुणाकडे किती दिवस ते तुम्ही दोघं बोलून ठरवा,” असं मुलीने बजावलं होतं. आता न बोलणाऱ्या माणसांनी बोलून ठरवायचं कसं? त्यामुळे काहीच ठरलं नव्हतं. साहेबांनी मात्र गॅलरीत तिच्यासाठी झोपाळा टांगला होता, स्वतः बसून त्याची चाचणीही घेतली होती, आणि पाठीला अजून मलम चालू होतं. पोरगी यावी म्हणून त्यांचा जीव नुसता तीळ तीळ तुटत होता.

“साहेब, चौऱ्याहत्तर,” इंजिनीअरबाई म्हणाली.

साहेबांनी लाल फोन उचलला. हा आणीबाणीचा फोन. तो एकाने उचलला की चारही विभागांत घंटा वाजते आणि चौघंही एकाच तारेवर येतात. निरोप चौघांनीही ऐकायचा, आणि परतही म्हणायचा, म्हणजे उद्या ‘आम्हाला कुठे माहीत होतं’ असं म्हणायची सोय नको.

“पूर्व बोलतोय. तातडीचा निरोप,” साहेब म्हणाले. “माझी दोन नंबरची वाहिनी गेली. जोडवाहिनीवरून पश्चिमेकडून एकशे ऐंशी मेगावॅट हवेत. पुनरुच्चार करा.”

“पूर्वेची दोन नंबरची वाहिनी गेली. पश्चिमेकडून एकशे ऐंशी मेगावॅट हवेत,” व्याह्यांचा आवाज आला. शांत, गोड, तुपात घोळलेला. मग उत्तरेच्या बाईंनी तेच म्हटलं. मग दक्षिणेच्या गृहस्थांनी जांभई आवरत तेच म्हटलं.

“बरोबर,” साहेब म्हणाले.

“आता पश्चिमेचा निरोप,” व्याही म्हणाले. “मागणी मिळाली. नियमाप्रमाणे मला विचाराला वीस मिनिटं आहेत. तोवर पूर्वेने ध्यानात घ्यावं, की भाराचं नियोजन ज्याचं त्याने करायचं असतं. भर पंगतीत, बारा पाहुण्यांसमोर, दुसऱ्याला शिकवायचं नसतं. पुनरुच्चार करा.”

इंजिनीअरबाईचं पेन हवेत थांबलं. साहेबांचा चेहरा लाल फोनला शोभेसा झाला. पण नियम म्हणजे नियम. निरोप परत म्हटला नाही तर पुढचा निरोप देता येत नाही.

“भाराचं नियोजन ज्याचं त्याने करायचं असतं,” साहेब एकेक शब्द दाढेखालून काढत म्हणाले. “भर पंगतीत... बारा पाहुण्यांसमोर... दुसऱ्याला शिकवायचं नसतं.”

उत्तरेनेही म्हटलं. दक्षिणेनेही म्हटलं.

“बरोबर!” व्याही म्हणाले. आपला टोमणा समोरच्याने शब्दन्‌शब्द परत म्हणावा, आणि वर दोन साक्षीदारांनीही तो म्हणून दाखवावा, हे सुख त्यांना जन्मात मिळालं नव्हतं.

“पूर्वेचा निरोप!” साहेब कडाडले. “पूर्वेने एवढंच म्हटलं होतं, की गिझर, इस्त्री आणि मिक्सर एका बोर्डावर चालत नाहीत. आणि त्यानंतर तीन मिनिटांत फ्यूज गेला होता. गेला होता की नाही? पुनरुच्चार करा!”

आता दात खायची पाळी पश्चिमेची होती. “...तीन मिनिटांत फ्यूज गेला होता,” व्याह्यांनी कसंबसं संपवलं. “गेला होता की नाही.”

“उत्तरेची एक शंका आहे,” उत्तरेच्या बाई मधेच म्हणाल्या. “पंगत बसलेली असताना गिझर कशाला लावला होता?”

“ते... आमच्या सासूबाईंना हात धुवायला कोमट पाणी लागतं.”

“पुनरुच्चार करू?”

“नको!” पूर्व आणि पश्चिम एकदमच ओरडले. चार महिन्यांत त्यांचं एवढंच एकमत झालं.

“साहेब, हे सगळं नोंदवहीत लिहायचं?” इंजिनीअरबाईने हळूच विचारलं.

“नियम काय सांगतो?”

“शब्दन्‌शब्द.”

“मग लिहा.”

“पण सासूबाई कुठल्या रकान्यात घालू? एकीकडे दाब आहे, एकीकडे शेरा.”

“शेऱ्यात घाला. तार किती?”

“एकोणऐंशी.”

साहेबांना घाम फुटला. त्यांच्या डोळ्यांसमोर दवाखाना उभा राहिला, आ वासलेलं तोंड उभं राहिलं, आणि त्या तोंडावरचे डोळे तर फारच स्पष्ट दिसले. “व्याहीबुवा,” ते एकदम नरमून म्हणाले, “द्या हो. लाखभर माणसांचा प्रश्न आहे.”

“पश्चिम एकशे ऐंशी मेगावॅट द्यायला तयार आहे,” व्याही म्हणाले. साहेबांनी सुस्कारा सोडला. “आणि उद्यापासून नात महिनाभर पश्चिमेकडे. पुनरुच्चार करा.”

“हा काय चावटपणा आहे!”

“हा पुनरुच्चार नाही,” दक्षिणेचे गृहस्थ म्हणाले. त्यांची झोप आता पार उडाली होती.

“पंधरा दिवस तुमच्याकडे, पंधरा माझ्याकडे!” साहेब म्हणाले.

“पश्चिमेला अजून अकरा मिनिटं शिल्लक आहेत. पश्चिम निवांत आहे.”

खरं सांगायचं तर व्याह्यांनी वीज दिलीच असती. न देऊन सांगतात कुणाला, नोकरी गेली असती. हे व्याह्यांना ठाऊक होतं आणि साहेबांनाही ठाऊक होतं. पण तारेला ठाऊक नव्हतं. ती आपली तापत होती.

“एक्क्याऐंशी,” इंजिनीअरबाई म्हणाली. “त्र्याऐंशी. साहेब, गाव बंद करायच्या बटणावर हात ठेवू का?”

एकतीस वर्षांत साहेबांच्या पाळीत एकही गाव अंधारात गेलं नव्हतं. त्यांनी झोपाळ्याचा विचार केला. फटाकडी झोपाळ्यावर बसून दोन्ही पाय भिंतीवर आपटते तो आवाजही त्यांना ऐकू आला. मग त्यांनी दाढेचा विचार केला. नात काय, पुढच्या सुट्टीत पुन्हा येईल. बायको मात्र रोज घरीच असते.

“उद्यापासून,” साहेबांचा आवाज चिरकला, “नात महिनाभर पश्चिमेकडे.”

“उद्यापासून नात महिनाभर पश्चिमेकडे,” दक्षिण म्हणाली.

“उद्यापासून नात महिनाभर पश्चिमेकडे, अरेरे,” उत्तर म्हणाली.

“‘अरेरे’ निरोपात नव्हतं,” व्याही म्हणाले.

“बरोबर आहे. अरेरे मागे घेतलं.”

व्याह्यांनी बटण दाबलं. नदीवरच्या जोडवाहिनीतून एकशे ऐंशी मेगावॅट सुळकन पूर्वेला आले, तिसऱ्या वाहिनीचा भार उतरला, आणि तार ऐंशी, सत्तर, पासष्ट अशी शहाण्यासारखी निवत गेली. गिरण्यांच्या गावात एक दिवासुद्धा लुकलुकला नाही. इंजिनीअरबाईने टाळ्या वाजवल्या. साहेब खुर्चीत बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

संध्याकाळी ते घरी गेले तेव्हा बायको गालाला रुमाल लावून बसली होती. तोंडाची एक बाजू अजून बधिर होती, त्यामुळे बोलणं बंद. साहेबांनी घडलेलं सगळं सांगितलं. आपण तिच्या दाढेसाठी काय सोडलं ते जरा रंगवूनच सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिने टेबलावरची वही ओढली, त्यावर काहीतरी लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे सरकवली.

‘डॉक्टरांकडे इन्व्हर्टर आहे,’ असं लिहिलं होतं.

बायकोने वही परत ओढून खाली आणखी एक शब्द लिहिला. ‘महिनाभर???’ त्यापुढची तीन प्रश्नचिन्हं तिने इतकी दाबून काढली होती, की कागद फाटला.

पुढचे पाच दिवस साहेबांना घर खायला उठलं. दाढ बरी झाली आणि बायकोची वाचा परत आली, त्याने तर आणखीनच. “दाढ दुखली असती तर दुखली असती दोन तास,” ती येताजाता म्हणे. “हे दुखणं महिनाभराचं आणलंत.” साहेब संध्याकाळी गॅलरीत जाऊन झोपाळ्याला नुसता झोका देत. त्यांना फटाकडीची आठवण येत होती आणि रडू येत होतं. खोटं कशाला बोला.

सहाव्या दिवशी दुपारी बाराला लाल फोन वाजला. सगळ्या वाहिन्या तर ठणठणीत होत्या. साहेबांनी धावत जाऊन उचलला.

“पश्चिम बोलतोय. तातडीचा निरोप.” आवाज व्याह्यांचाच होता, पण त्यातलं तूप गेलं होतं. जुन्या करवतीने ओलं लाकूड कापावं तसा तो येत होता. “पश्चिमेकडे क्षमतेपेक्षा जास्त नात झालीय. पुनरुच्चार करा.”

तिघांनीही तो मोठ्या आनंदाने केला.

“काय झालं, व्याहीबुवा?” साहेबांनी विचारलं.

“अहो, काय सांगू! त्या दिवशीची हकिगत मीच हौसेने तिला सांगितली. तर तिने जेवणाच्या टेबलावर नियंत्रण कक्ष मांडलाय आणि मला वीजकेंद्र केलंय. सकाळी सातपासून पाळीला निघेपर्यंत मी ‘घूंऽऽऽ’ करत बसतो. घरी परतलो की पुन्हा घूं. श्वास घ्यायला थांबलो की म्हणते, वीज गेली, चौकशी लावते! घसा बसला हो माझा. काल रात्री झोपेतसुद्धा घूं करत होतो, असं आमची ही म्हणते. पुनरुच्चार करा.”

“‘घूं’ केवढं लांब करायचं?” उत्तरेच्या बाईंनी विचारलं.

“दम संपेपर्यंत.”

उत्तरेने केलं. दक्षिणेनेही केलं, आणि दक्षिणेचा दम मोठा असावा, कारण बराच वेळ लाल फोनवर दुसरं काही ऐकूच येईना.

“तर उरलेली सगळी सुट्टी नात पूर्वेकडे,” व्याही म्हणाले. “विचाराला तुम्हालाही वीस मिनिटं आहेत. घ्या बापडे. घ्या सूड.”

या क्षणाची साहेबांनी पाच दिवस स्वप्नं बघितली होती. आपण खुर्चीत रेलायचं, घड्याळ बघायचं, चहा मागवायचा, मग ‘पूर्व निवांत आहे’ असं म्हणायचं, हे सगळं त्यांचं पाठ होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“मान्य! मान्य! आत्ता येऊ का न्यायला?”

“उद्या मीच आणून सोडतो,” व्याही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आठवडाभराची रजा टाकली. सकाळी नऊला घंटा वाजली. दारात फटाकडी उभी होती, पाठीला दप्तर. तिच्यामागे व्याही उभे होते, आणि त्यांच्या हातात एक बॅग होती. ती बॅग नातीची म्हणावी तर फारच मोठी होती.

“हे काय, व्याहीबुवा?”

“मी नुसता सोडायला निघालो होतो हो,” व्याही ओशाळून म्हणाले. “या पोरीने ऐकलं नाही. मी पण काढली रजा.”

“वीजकेंद्र तिकडेच ठेवून कसं चालेल?” फटाकडी म्हणाली. “मग इथे वीज कोण देणार? घूंआजोबा पण राहणार आहेत. सुट्टी संपेपर्यंत.”

“या, या, व्याहीबुवा!” बायकोने आतूनच स्वागत केलं. ती भलतीच खूश दिसत होती. साहेबांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण फटाकडीने त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि ते काय बोलणार होते ते त्यांना आठवेना. तेवढ्यात तिने जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं होतं.

“अगं, मग मी कोण?” साहेबांनी विचारलं. एकतीस वर्षांचा अनुभव गाठीशी होता. मुख्य नियंत्रण अधिकाऱ्याच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाचा हक्क पोचत नव्हता. “मी साहेब ना?”

“साहेब मी आहे,” फटाकडी म्हणाली. “तुम्ही गाव.”

“गाव?”

“हो. घूंआजोबा घूं करतील तोवर तुमचे डोळे उघडे. त्यांचं घूं थांबलं की डोळे मिटायचे. मधेच उघडायचे नाहीत. म्हणून दाखवा बघू.”

साहेबांनी म्हणून दाखवलं.

“बरोबर,” फटाकडी म्हणाली.

तीन दिवसांनी दुपारी चारला बायको बाजारातून परत आली. बघते तो साहेब सोफ्यावर पाठ ताठ करून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, डोळे घट्ट मिटून बसलेले.

“अहो, झोपलात की काय?”

“नाही.”

“मग डोळे का मिटलेत?”

“वीज गेलीय.”

“अगंबाई! मग मागा की.”

“मागितली,” साहेब डोळे न उघडता म्हणाले. “चहा झाल्यावर देतो म्हणतायत.”

समोरच्या खुर्चीत व्याही किटलीतून दुसरा कप ओतून घेत होते.